सहाशे चाळीस भोकं

ताट ॲल्युमिनियमचं, परातीपेक्षा रुंद,
वजनाला तान्हं मूल.
सियाटलहून खोक्यात येतं,
पुढच्या महिन्यातलं आभाळ
आधीच पाडून ठेवलेलं.
सहाशे चाळीस भोकं:
बहुतेक दीर्घिकांची, काही ताऱ्यांची,
आणि थोडी मुद्दाम कुणाचीच नाहीत.
काळोखही मोजावा लागतो,
नाहीतर उजेडातून वजा काय करणार?

ओर्लिंडा त्रुहियो कामाच्या दिवशी हाताला क्रीम लावत नाही.
एकेक तंतू उचलते, ओवते. टक्.
कुठला कुठल्या भोकात, हा हिशेब तिच्याकडे नाही,
मागाहून एक दिवा फिरतो
आणि कोण कुठे बसलंय ते ओळखतो.
"लग्नं अशीच जमवायला हवी होती,"
समोरून वेंडेल म्हणतो.
तो मेस्कलेरोचा. दिवसातलं त्याचं हे दुसरं वाक्य.
टक्. टक्.
रेडिओवर अकॉर्डियन,
खिडकीबाहेर पाइन,
आणि पार खाली, डोंगर संपतो तिथे,
पांढऱ्या वाळूचा पट्टा.

रात्री दुर्बीण ते ताट वर धरते.
अब्ज वर्षं चालत आलेला उजेड
भोकातून उतरतो, धाग्यात वाकतो,
आणि रंग किती उतरलाय
यावरून सांगतो, किती लांबून आलो.
ओर्लिंडा तेव्हा झोपलेली असते
ला लूसमध्ये. गावाच्या नावाचा अर्थही उजेडच.
कुत्रं पायाशी.

एका मार्चमध्ये एक तंतू मोडला.
बदली नव्हता. ढग यायचे होते, घाई होती.
एक भोक तसंच उघडं गेलं.
कागदावर फुली, फुलीखाली तिची सही.

सहा वर्षांनी भिंतीवर नकाशा लागला,
पंख्यासारखा उघडलेला.
खाली मुठीपाशी आपण,
आणि वर,
गावं जशी रिओ ग्रान्देला धरून,
पाटाला धरून, पाणी जाईल तशी वसत गेली,
तशा दीर्घिका.
ठिपक्याला ठिपका लागून धागे,
धाग्यांच्या भिंती,
आणि भिंतींच्या मध्ये
कोटी कोटी प्रकाशवर्षं
जवळजवळ कुणीच नाही.

ॲनेका नावाची मुलगी समजावत होती:
सुरुवातीला सगळीकडे जवळपास सारखंच होतं.
जिथे कणभर जास्त, तिकडे ओढ जास्त,
मग तिथेच आणखी जमत गेलं,
आणि जिथे कमी होतं
तिथलं होतं तेही गेलं.
"हे आम्हाला ठाऊक आहे," वेंडेल म्हणाला.

ओर्लिंडाने एका पोकळीत बोट ठेवलं.
"हे खरंच रिकामं? की कुणी ओवलंच नाही?"
"खरंच. सुटलेल्यांचा हिशेब धरलाय आम्ही."
"खालच्या खोऱ्याचा नकाशा लष्कराने छापला,
त्यातही असा पांढरा तुकडा आहे.
तिथे आजोबांची विहीर होती.
शेळ्या होत्या. कुरकुरणारी पवनचक्की.
बेचाळीस साली मुदत मिळाली दोन आठवडे.
मग बाँब टाकायला जागा रिकामी होती."

ॲनेका काही बोलली नाही.
मग तिने संगणकाशी बसून
मार्चचं ते ताट शोधून काढलं,
त्यातलं ते भोक.
"दिशा आहे," म्हणाली, "अंतर नाही.
इथे असेल, भिंतीत.
किंवा पोकळीत एकटीच असेल.
ठिपका देता येत नाही."

ओर्लिंडाने खिशातलं बॉलपेन काढलं.
"मग रेघ देते."

मुठीपासून निघाली,
पहिली भिंत ओलांडून,
रिकाम्यातून,
दुसऱ्या भिंतीतून,
पुन्हा रिकाम्यातून,
कागद संपेपर्यंत.
ह्या रेघेवर कुठेतरी.

वेंडेलने पट्टी धरली होती.